वाळूनं न घेतलेला घोट

कोकणात कसली आली थंडी, असं म्हणून घाटावरची माणसं आम्हाला हसतात. हसोत बापडी. त्यांनी पौषातली आमच्या समुद्रावरची सकाळ पाहिलेली नाही. उत्तरेचा वारा सुटलेला असतो, ओल्या वाळूवर पाऊल ठेवलं की टाचेतून कळ जाते, आणि पाण्यावर असं धुकं उभं असतं की समोरची खांदेरी-उंदेरी बेटं कुणी रातोरात उचलून नेली की काय, असं वाटावं. अशा वेळी देवाचं नावसुद्धा वाफ होऊनच तोंडातून बाहेर पडतं.

किहीमच्या उत्तरेला आमची नारळाची वाडी, आणि वाडीला लागून खाली कोळीवाडा. राज्यात दारूबंदी येऊन काही वर्षं झाली होती. आम्ही भंडारी, माझे वडील माडी काढायचे. बंदी आली आणि माडांना नुसते नारळ राहिले. माझ्या गळ्यात तुळशीची माळ त्याआधीच आलेली, म्हणून मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. माझं सुख निराळं. देवळात कीर्तन असलं की बुवांच्या मागे झांज धरून उभं राहायचं, त्यांनी आख्यान रंगवत न्यावं आणि आपण उपरण्यानं डोळे पुसावेत. देवाकडे याहून जास्त मी कधी काही मागितलं नाही.

पण त्या वर्षी कीर्तनाच्या पहिल्या ओळीत एक जागा रिकामी असायची. येसाजी तांडेलाची. मचवा ज्याच्या शब्दावर चालतो तो तांडेल. आणि दर्यावर दरडावणारा हा माणूस देवळात मात्र लहान मुलासारखा मांडी घालून बसायचा. आश्विनात, नवरात्र उठल्यावर, त्याचा मुलगा कान्हा मचवा घेऊन गेला. बरोबर धर्माजी आणि दादू. दक्षिणेकडून वादळ आलं. धर्माजी थळच्या किनाऱ्याला लागला, दादू किहीमच्या. दोघांना घरी आणलं, अग्नी दिला, राख इथंच, समुद्रकाठच्या वाळूत ठेवली. कान्हा आलाच नाही.

तेव्हापासून येसाजीच्या घरात दोन माणसं आणि त्यांच्यात एकच बोलणं. येसाजी सुनेला म्हणायचा, "पोरगा ना हिकडचा ना तिकडचा, मधीच लोंबकळतोय. दहावं करू दे, त्याला वाट सुटू दे." आणि केसर, कान्हाची बायको, हातातल्या हिरव्या बांगड्यांवर पदर ओढून म्हणायची, "मामा, माझा माणूस दाखवा. मंग फोडते." बाकी दोघं एकमेकांना जिवापाड जपत. तो तिच्यासाठी गरम पाणी काढून ठेवी, ती त्याला निवडून मासा वाढी. बोलणं मात्र तेवढंच.

संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. येसाजीला आज हाताला धरूनच आणायचं, असं ठरवून मी सकाळीच खाली उतरलो. धुक्यात आधी काही दिसेना. मग हसण्याचा आवाज आला आणि काळूराम दिसला. हा गडी मुंबईच्या गोदीत काही वर्षं काढून परत आलेला. त्याच्या तोंडाला झाकण म्हणून नव्हतं.

"या या शिवदासबुवा! आत्ताच म्हनत व्हतो, भंडाऱ्याचं नाक पायजे."

"माझ्या नाकाचं काय काम पडलं?"

"येसाजीमामाच्या जाळ्यात बघा काय घावलंय. म्हावरं न्हाय, लक्षुमी!"

वाळूवर एक लाकडी खोका होता. कडेनं शेवाळ धरलेलं, लोखंडी पट्ट्या गंजलेल्या. आत गवतात बसवलेल्या बाटल्या, आखूड मानेच्या, काळ्याभोर. वरचे कागद पाण्यानं कधीच गेलेले, पत्र्याची बुचं मात्र जागच्या जागी. येसाजी उकिडवा बसून खोक्याकडे पाहत होता. शेजारी गोधडी पांघरून मनुबाई. ती कोळीवाड्यातली सगळ्यात म्हातारी. बारसं असो की मर्तिक, रीत तिला विचारायची. थोडं लांब, सुकटीच्या मांडवाला टेकून केसर उभी होती.

"हवालदार आला तर?" मी म्हटलं.

"या थंडीत?" मनुबाई म्हणाली. "तो आता बायकोच्या गोधडीत असंल. तू वास घे मुकाट्यानं."

काळूरामनं कोयत्याच्या पाठीनं बूच उडवलं. फस्स करून आवाज झाला आणि मानेतून फेस वर आला. पांढरा नव्हे, उकळत्या गुळाच्या पाकावर येतो तसा तांबूस, दाट, हळूहळू चढणारा. मी बाटली नाकाशी धरली. माडीचा आंबूस वास नाही, फळांच्या दारूचा उग्र दर्प नाही. भाजून करपलेली नाचणी, तळाला लागलेला गूळ, आणि कुठंतरी खाली कॉफीचा कडवटपणा.

"ही माडाची नाही, फळाची नाही," मी म्हटलं. "धान्य भाजून केलेली आहे. नासलेली नाही."

"बगा! मी वळखलीच व्हती," काळूराम म्हणाला. "गोदीत गोऱ्या खलाशांकडं असायची. काळी बियर. स्टाउट म्हनतात तिला. थंडीतच पितात. पोटात शेगडी पेटते म्हनं. बुवा, एक घोट?"

मी माळेला हात लावला.

"ऱ्हाऊ दे त्याला," मनुबाई म्हणाली. "नाक त्याचं, जिभा आपल्या."

सगळे हसले. येसाजीसुद्धा मिशीत हसला. पण काळूराम बाटली तोंडाला लावायला गेला तसा येसाजीनं त्याचा हात धरला.

"आदी थेंब."

ही कोळीवाड्यातली रीत. कुठलीही बाटली फोडली की दर्यानं नेलेल्यांना पहिला घोट द्यायचा. तांडेलानं एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी वाळूवर थोडं ओतायचं. वाळू ते लगेच पिऊन टाकते. गेलेल्या माणसाला पोचलं, असं समजायचं. मग बाकीच्यांनी प्यायचं. नाव मात्र ज्याचं दहावं झालंय त्याचंच घ्यायचं. ज्याचं नाव थेंबाला घेतलं तो गेला, त्यात पुन्हा बदल नाही.

येसाजीनं करवंटीत काळी दारू ओतून घेतली.

"धर्माजी, घे बाबा."

वाळूवर धार पडली. फेस क्षणभर दिसला, चुर्र झालं आणि सगळं आत गेलं. काळपट ओल राहिली.

"दादू, घे रं लेकरा."

तेही गेलं. वाळू जणू तोंड उघडूनच बसली होती.

आता करवंटी खाली ठेवायची आणि बाटली फिरवायची. पण येसाजीनं करवंटी खाली ठेवली नाही. मांडवाकडे न बघता तो म्हणाला, "आज मी त्याचं बी घेनार."

केसर तीरासारखी पुढं आली. "न्हाय घ्यायचं, मामा."

"किती दिस गो? माझ्या सपनात येतो, नि उंबऱ्याभाईर हुबा ऱ्हातो. आत ये म्हनलं तर येत न्हाय, जा म्हनलं तर जात न्हाय."

"माझ्या सपनात हसतोय तो."

"पोरी, बाप हाय मी त्याचा. मना हौस हाय व्हय?"

काळूरामनं बाटली पोटाशी धरली. धुक्यामागून समुद्राचा आवाज येत होता; भरती लागली होती. केसरनं सासऱ्याच्या हातातली करवंटी घेतली.

"मीच देते," ती म्हणाली. "वाळू प्यायली तर तुमी सांगाल ते करीन. न्हाय प्यायली, तर त्याचं मर्तिक या वाड्यात परत कुनी काढायचं न्हाय. कबूल?"

येसाजीनं मनुबाईकडे पाहिलं. ती गोधडीतूनच म्हणाली, "बायकोचा हक बापाच्या आदी. देऊ दे."

"कबूल," येसाजी म्हणाला. "पर नाव घ्यावं लागंल. नावाबिगर पोचत न्हाय."

लग्नातल्या उखाण्यानंतर केसरनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली, आणि इतक्या हळू म्हणाली की ओठ हलले म्हणूनच कळलं.

"कान्हा. घे."

धार पडली. आणि राहिली.

मी अगदी जवळ होतो, म्हणून सांगतो. धर्माजीचा आणि दादूचा थेंब जिथं मुरला, त्याच्यापासून वीतभर अंतरावर, तीच भुसभुशीत वाळू, आणि तिच्यावर ती काळी दारू ताटात ओतल्यासारखी तशीच थांबली. वर तांबूस फेस. वारा असा की माझं उपरणं अंगावर ठरेना, पण त्या फेसाचा एक बुडबुडा फुटेना. वाळूतून एक लहान खेकडा बाहेर आला, तिथवर गेला, थबकला आणि आल्या पावली मागे फिरला. आम्ही वाट पाहिली. काही मुरलं नाही.

"जित्ता हाय!" काळूराम ओरडला. "कान्हा जित्ता हाय! वाळू घेत न्हाय म्हंजे जित्ता हाय!"

येसाजीला हुंदका फुटला. त्यानं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "जित्ता हाय गो," तो म्हणत राहिला. "कुठल्यातरी बोटीनं उचलला असंल. येमेन न्हायतर आफ्रिका. येईल. येतोच बघ." केसर हसत होती आणि रडत होती. मी तर हात जोडले. बुवांनी आख्यान संपवताना हरवलेलं लेकरू आईच्या पदरात घातलं की देवळात जशी सगळ्यांच्या अंगावरून एक लाट जाते, तशी ती गेली.

काळूरामनं घोट घेतला आणि डोळे मिटले. "आई गं. आदी करपल्यावानी. मंग कडू. मंग मागनं कसं गोड येतंय बघा, चोरपावलानं. आन् गरम! गार हाय नि गरम हाय." बाटली येसाजीकडे गेली. त्यानं घेतला, खोकला, मिशीवरचा फेस पुसला आणि म्हणाला, "काढ्यावानी हाय. पर बरा काढा हाय."

मनुबाई मात्र हसली नव्हती. ती वाळूवरच्या त्या काळ्या डबक्याकडे बघत होती.

"केसर," ती म्हणाली, "ते तसं ठेवू नगं. वाळूनं घेतलं न्हाय तर ज्यानं दिलं त्यानं चाखायचं. न्हायतर कुनीबी येऊन पिऊन जातं."

केसरनं दोन बोटं बुडवली आणि तोंडात घातली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आधी जागच्या जागी राहिलं, आणि मग त्याच्या आतून कुणीतरी निघून गेल्यासारखं झालं.

"खारट हाय," ती म्हणाली.

"खारट?" काळूरामनं पुन्हा घोट घेतला. "कडू म्हन की. खारट कुठं?"

"मना खारट लागतंय. लय गार हाय." तिनं परत बोट चाखलं. मग म्हातारीच्या कानाशी वाकून बोलली, पण वारा माझ्याकडे होता. "आये, त्याच्या अंगाचा वास हाय याला. दर्यावरनं घरी यायचा तवा यायचा, तो."

मनुबाईनं गोधडीतून हात काढून तिचं मनगट धरलं. मग म्हणाली, "चुकलं गो माझं."

"काय चुकलं?" येसाजीनं विचारलं.

"धर्माजी इथं आला. दादू इथं आला. दोघांची राख इथं हाय, म्हनून हितली वाळू त्यांचं घेते. हा वाळूवर आलाच न्हाय. माझी सासू सांगायची, जो पान्यात ऱ्हायला त्याचा थेंब पान्यात द्यायचा. माझ्या जल्मात आपला कुनी पान्यात ऱ्हायलाच न्हाय, दर्यानं समदे परत दिले. म्या रीत इसरले. दुसऱ्याच्या दारात हुबं ऱ्हाऊन त्याला हाका मारल्या आपन."

मग म्हातारीच म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता, "पर बोली झाली ती झाली. वाळूनं घेतलं न्हाय. तू जिकलीस, बाय. घरी जा. तुझ्या बांगड्यांकडं कुनी बघनार न्हाय."

"व्हय, जा घरी," येसाजी घाईघाईनं म्हणाला. "मी कबूल केलंय. जित्ता हाय तो."

केसर उठली. काळूरामच्या हातातली बाटली तिनं काढून घेतली आणि पाण्याकडे चालू लागली.

"केसर!" येसाजी ओरडला. "नगं गो!"

ती थांबली नाही. धुकं तिच्या खांद्यापर्यंत होतं. गुडघाभर पाण्यात गेल्यावर तिनं बाटली तिरपी केली. पाणी राखाडी आणि त्यावर पडणारी काळी धार. तिनं नाव घेतलं की नाही ते मला ऐकू आलं नाही. पुढचं आलं.

"घे रं. लय थंडी हाय."

लाटा किनाऱ्याकडे येत होत्या. भरतीचं पाणी, त्यावर पानसुद्धा टाकलं तर ते आपल्या पायाशीच येणार. पण तो तांबूस फेस उलटा निघाला. विखुरला नाही. हाताच्या पंजाएवढा एक पुंजका, येणाऱ्या लाटेवर चढला, दिसेनासा झाला, लाटेच्या पलीकडे पुन्हा वर आला. दुसरी लाट. तिसरी. असा तो धुक्याच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथं थांबला. तेवढ्या जागी समुद्र सपाट झाला होता.

मी ऐकण्यातला माणूस आहे. कीर्तनात बुवांचा श्वास कुठं अडकतो आणि कुठं सुटतो, हे मला मागे उभं राहून कळतं. तो आवाज लाटेचा नव्हता. फार वेळ तहानलेला माणूस भांडं तोंडापासून दूर करतो आणि श्वास सोडतो, तो होता. एकदाच आला. फेस गेला होता.

काळूरामचे दात वाजत होते. "अंगात ऊब पायजे," तो म्हणाला आणि खोक्यातली दुसरी बाटली घेऊन त्यानं बूच उडवलं. आवाज नाही, फेस नाही. त्यानं घोट घेतला आणि थुंकला. तिसरी फोडली. मग त्यानं ती वाळूवर उलटी धरली. त्या काळ्या काचेतून स्वच्छ, नितळ, खारं पाणी पडत राहिलं. बुचं तर आमच्या डोळ्यांदेखत फोडलेली. चौथीला त्यानं हात लावला नाही. खोक्यापासून मागे सरकत सरकत तो माझ्या मागे येऊन उभा राहिला, आणि माझ्या उपरण्याचं टोक त्यानं मुठीत धरलं. मी ते सोडवलं नाही. मला स्वतःलाच कुणाचं तरी काहीतरी धरायला हवं होतं. मनात देवाचं नाव चालू होतं, पण तोंडातून वाफ येत नव्हती.

केसर परत आली तेव्हा तिचं लुगडं मांडीपर्यंत भिजलं होतं आणि हात रिकामे होते.

"मामा," ती म्हणाली, "भटजींना सांगा. दहावं करायचं."

येसाजी वाळूवरच्या त्या डबक्याशी बसला होता. दोन्ही तळव्यांची त्यानं त्याभोवती कड केली होती, वाऱ्यात दिवा सांभाळतात तशी. "न्हाय," तो म्हणाला. "आज न्हाय. वाळूनं घेतलं न्हाय, मी पायलंय. हे बघ, अजून हाय. फेस बी हाय. तूच म्हनलीस, या वाड्यात परत कुनी त्याचं काढायचं न्हाय."

इतके महिने जो माणूस दहावं करा म्हणून तिच्या मागे लागला होता, तो हा.

केसर त्याच्यासमोर बसली. रागावली नाही, रडलीही नाही. "तुमच्या सपनात उंबऱ्याभाईर हुबा ऱ्हायचा ना तो?" तिनं विचारलं. येसाजीनं होकारानं मान हलवली. "तहानेला व्हता, मामा. आत यायचं नव्हतं त्याला. पानी मागत व्हता."

"मना का न्हाय सांगितलं त्यानं?"

"चाखा," ती म्हणाली.

तो नकारानं मान हलवत राहिला. तिनं त्याचा उजवा हात धरला, ते जाडजूड, दोरानं चिरलेलं बोट त्या काळ्या पाण्यात बुडवलं, आणि लहान मुलाला मध चाटवावा तसं त्याच्या ओठाला लावलं. येसाजीनं डोळे मिटले. त्याचा कंठ एकदा वर गेला, खाली आला. मघाशी त्याच बाटलीतलं पिऊन त्यानंच काढ्यासारखं आहे म्हटलं होतं.

"गार पडलाय गो," तो म्हणाला. "लय गार पडलाय माझा पोर."

"आता न्हाय," केसर म्हणाली.

त्यानं तळव्यांची कड सोडली. वाळूवरचं ते डबकं एकदम आत गेलं, फेसासकट, जणू कधी नव्हतंच. येसाजीनं मग डोक्याचं फडकं सोडलं, घडी न करता मांडीवर ठेवलं, आणि उघड्या डोक्यानं उत्तरेच्या वाऱ्यात सुनेचा हात धरून बसून राहिला.